मालकाचा रकाना

(वहीचं पहिलं पान. मंगळवार, १० फेब्रुवारी २०२६, सकाळी लिहिलं.)

जे घडलं ते असं :

१. १२ जानेवारीला मी या कामावर रुजू झाले.
२. १९ जानेवारीला जमिनीखाली एक रेषा सापडली. ती कोणत्याही खात्याची नाही.
३. २३ जानेवारीला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी मी त्या रेषेच्या मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं.
४. तेव्हापासून मला त्या रेषेबाहेर जाता आलेलं नाही.
५. रेषा रोज आत सरकते. आज सकाळी तिचा घेर २७३ मीटर होता.
६. मला ताप नाही. मी रोज मोजते.

पुढची पानं त्या त्या दिवशी लिहिली आहेत. काही बदललेलं नाही.

उर्वशी भगत


सोमवार, १२ जानेवारी

पांढरकवड्याच्या अलीकडे, हायवेच्या कडेला खोली मिळाली. घर हंसाबाई राठोडांचं. मुलगा-सून हैदराबादला, म्हणून मागची खोली रिकामी होती. खिडकीतून कापसाचं शेत दिसतं. वेचणी संपली आहे, पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, अजून उभ्या आहेत. रस्त्याकडेच्या बाभळींना जिनिंगच्या ट्रकांतून उडालेला कापूस लटकला आहे. एखाद्या झाडाला उशिरा बहर यावा तसा दिसतो.

हंसाबाईंनी खोली दाखवायच्या आधी जेवायला वाढलं आणि मग मी नक्की काय करणार ते विचारलं. मी सांगितलं की इथे हायवेखालून भुयारी रस्ता होणार आहे, सात मीटर खोल खोदायचंय. त्याआधी जमिनीत कुठे कोणाची तार, कोणाचा पाइप आहे ते शोधून वर रंगाने आखून ठेवायचं. मग पोकलेन येईल. त्यांनी विचारलं, न खोदता सांगता येतं? येतं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग माहा चांदीचा वाळा कुठं पडला तेबी पाह्यजो माय, वीस साल झाले." मी हसले. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी सहसा हसत नाही.

खोली स्वच्छ आहे. टेबल आहे. काम चार आठवड्यांचं.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत, तरी सगळ्या खात्यांची माणसं आली. मी प्रत्येकाला त्याच्या रंगाची फवारणीची बाटली दिली : विजेला लाल, पाण्याला निळा, टेलिफोन आणि फायबरला केशरी, सांडपाण्याला हिरवा. जे कोणाचं आहे ते कळत नाही त्याला गुलाबी. गुलाबी बाटली माझ्याकडे.

पाणीपुरवठ्याच्या माणसाने नकाशा न उघडताच पाइप इथून डावीकडे वळतो असं ठामपणे सांगितलं. माझ्या लोकेटरने, म्हणजे जमिनीतली तार-पाइप आवाजाने दाखवणाऱ्या यंत्राने, उजवीकडे दाखवला. त्यावर लाइनमन तिळगूळ चघळत म्हणाला, "तुह्या पाइपलेच मालूम नाई तो कुठं चालला." दिवसभर त्याच एका वाक्यावर सगळे हसत होते.

शंका असेल तिथे हाताने खड्डा खोदून पाहावं लागतं. त्यासाठी उकंडाभाऊ आहेत. वय पन्नाशीच्या पुढे, जवळच्या कोलाम पोडावरचे, म्हणजे आदिवासी वस्तीवरचे. ते सब्बल, म्हणजे पहार, मारतात आणि आवाजावरून खाली काय आहे ते सांगतात. आज तीन वेळा सांगितलं, तीनही बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या यंत्राकडे पाहिलं.

सोमवार, १९ जानेवारी

चौदा रेषा आखून झाल्या. आज पंधरावी सापडली.

हंसाबाईंच्या घरामागे, भिंतीपासून चाळीस मीटरवर, पऱ्हाटीच्या शेतात. ही जागाही खोदाईच्या हद्दीत येते. लोकेटरने स्पष्ट आवाज दिला. खोली १.४ मीटर. मी आवाजामागे चालत गेले, गुलाबी फवारत. साडेसहा पावलांनी मी जिथून निघाले तिथे परत आले. लांबट गोल, पूर्ण मिटलेला. घेर ६.२ मीटर.

तार कुठून तरी येते आणि कुठे तरी जाते. ही येत नाही, जात नाही. तरी तिच्यात प्रवाह आहे.

यंत्राची बॅटरी बदलली, पुन्हा मोजलं. तेवढंच.

गुरुवार, २२ जानेवारी

सगळ्या खात्यांची लेखी उत्तरं आली : रेषा आमची नाही. इतक्या झटपट उत्तरं मी कधी पाहिली नव्हती.

उकंडाभाऊंना तिथे सब्बल मारायला सांगितली. त्यांनी दोनदा मारली, थांबले, सब्बल पुसली. म्हणाले, ही तार नाही आणि पाइपही नाही. मग काय आहे, असं मी विचारलं. खाली पोकळ आहे, म्हणाले, पण रिकामं नाही. मी नोंदवहीत "पोकळी, तपासणी बाकी" असं लिहिलं.

शुक्रवार, २३ जानेवारी

आमच्या ॲपमध्ये प्रत्येक रेषेपुढे मालकाचा रकाना आहे. तो कोरा ठेवला तर नकाशा पूर्ण होत नाही, आणि नकाशा पूर्ण झाल्याशिवाय पोकलेन लावता येत नाही. खात्याचं नाव टाकायचं तर त्या खात्याचं पत्र जोडावं लागतं. आमच्याच कर्मचाऱ्याचं नाव टाकलं तर पत्र लागत नाही. म्हणून बेवारस रेषेला सगळे ज्युनियर आपलंच नाव टाकतात आणि नंतर बदलून घेतात. मला ही पद्धत आवडत नाही. गोपाल सरांना, म्हणजे आमच्या प्रकल्प प्रमुखांना, फोन केला. ते म्हणाले, "टाक तुझं नाव. नाव टाकल्याने काय तू जमिनीत जाणार आहेस?"

११.१० ला नाव टाकलं.

दुपारी हंसाबाईंनी सांगितलं की साडेअकराच्या सुमारास शेताकडून एक माणूस आला. अंगावर आमच्यासारखंच चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट, पण जुनं, रंग उडालेलं. त्याने पाणी मागितलं. तीन लोटे प्यायला. कानात आणि केसांच्या मुळाशी काळी माती बसलेली. कोणतं साल आहे ते त्याने विचारलं आणि ऐकून खाली बसला. मग उठून हायवेवर गेला आणि ट्रकला हात केला. मागे पाहिलं नाही, असं त्या दोनदा म्हणाल्या.

आमचा कोणी नव्हता. मी हजेरी तपासली.

शनिवार, २४ जानेवारी

खड्डा खोदला. १.४ मीटरवर तार नाही, पाइप नाही. मातीत एक पोकळी आहे. लांबी १.७२ मीटर, रुंदी ०.४५. आतून गुळगुळीत, पुष्कळ दिवस वापरलेल्या वस्तूसारखी. उकंडाभाऊंनी हात लावला आणि काढून घेतला. मीही लावला.

कोमट होती.

कोणी तरी नुकतंच उठून गेलेल्या अंथरुणासारखी. हे वाक्य मी अहवालात लिहिलेलं नाही.

रविवार, २५ जानेवारी

दोन दिवस सुट्टी म्हणून उमरखेडला घरी निघाले. जवळच्या फाट्यावरून आठ वाजता यवतमाळची बस पकडली. खिडकीची जागा मिळाली. तिकीट काढलं. पुढचं नीट लिहिते.

मी झोपले नाही. बस सुरू झाली, जिनिंगच्या गेटापुढून गेली, आणि कंडक्टरने मला फाटा आला म्हणून उतरायला सांगितलं. मी म्हटलं, मी तर आत्ताच चढले. तो म्हणाला, "मॅडम, तुमी यवतमाळहून बसल्या न. तिकीट पाहा तुमचं." पाहिलं. यवतमाळ ते फाटा. वेळ ९.५५. घड्याळात पावणेबारा वाजले होते.

बसमधली माणसं माझ्याकडे पाहत होती. मी उतरले. तिकीट या पानाला चिकटवलं आहे.

मंगळवार, २७ जानेवारी

काल पायी बाहेर पडायचा प्रयत्न केला, जमलं नाही; आज लोकेटर घेऊन. आधी आखलेलं ६.२ मीटरचं वर्तुळ जमिनीत उरलेलं नाही. रंग आहे, आवाज नाही. आवाज आता खूप लांब लागतो. त्याच्या कडेने पूर्ण फिरले. हायवेपलीकडून, फाट्याच्या पुढून, शेताच्या पाठीमागून. घेर २,१४० मीटर. मध्यबिंदू काढला.

तो खड्ड्यात येतो.

रेषा ओलांडताना काही जाणवत नाही. पाय टाकते. पाय पडतो तेव्हा तोंड आतल्या बाजूला असतं. वळल्याचं आठवत नाही. अकरा वेळा केलं. उकंडाभाऊ माझ्यासोबत चालत होते, ते सरळ पलीकडे गेले. त्यांनी तिथून मला हाक मारली. मी त्यांच्याकडे तोंड करून निघाले आणि पाठ करून पोचले. ते परत आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाहत नव्हते.

मग मी रकान्याबद्दल त्यांना सांगितलं. ते बांधावर बसले आणि म्हणाले :

"खात्याचं नाव लेयतात लोक, मॅडम. कंपनीचं लेयतात. जमिनीपुढं माणसाचं नाव काहून टाकलं तुमी?"

बुधवार, २८ जानेवारी

२,००७ मीटर. म्हणजे एका दिवसात १३३ ने कमी.

ॲपमध्ये एकदा नोंदलेली रेषा काढून टाकता येत नाही. पूर्वी ठेकेदार अडचणीच्या तारा नकाशातून काढून टाकायचे, म्हणून तसा नियम केला. रेषा फक्त दुसऱ्या मालकाकडे देता येते. नियम चांगला आहे. मी प्रशिक्षणात त्याचं समर्थन केलं होतं.

उकंडाभाऊंनी खड्डा बुजवला, पाणी मारून ठोकला. मी वरून जमीन तपासणारं यंत्र फिरवलं. पोकळी तशीच आहे.

शनिवार, ३१ जानेवारी

१,६०६.

नागपूर ऑफिसात सुरभी आहे. आम्ही एका वर्गात होतो, माझ्या नोंदी तीच तपासते. तिला या भागाचे जुने सर्व्हे काढायला सांगितले. २०१४ मध्ये याच रस्त्याची एकदा मोजणी झाली होती, मग काम रद्द झालं. त्या नकाशात पऱ्हाटीच्या शेतात एक रेषा आहे. मालकाच्या रकान्यात हाताने लिहिलंय : इंद्रजित, कनिष्ठ अभियंता. ऑफिसच्या नोंदीनुसार तो नोव्हेंबर २०१४ मध्ये न सांगता नोकरी सोडून गेला.

फाइलमध्ये त्याच्या घरचा नंबर होता. लावला. तोच बोलला.

मी माझं नाव सांगितलं. तो लगेच रडायला लागला, म्हणून मला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने सांगितलं की आईने त्याला दारात ओळखलं नाही, कारण तो अकरा वर्षांपूर्वी होता तसाच होता. खाली भूक लागत नव्हती, झोप येत नव्हती, हात हलत नव्हता. डोक्यावरून हायवे ऐकू यायचा. तो ट्रक मोजायचा. त्याने आकडा सांगितला, तो मी लिहिणार नाही.

बाहेर कसा आलात, असं मी विचारलं.

"तुम्ही नाव टाकलंत ना, मॅडम. माझं खोडलं गेलं."

त्याने मी काही मागण्याआधीच हात जोडल्यासारखं सांगितलं की त्याचा कर्मचारी क्रमांक बंद झाला आहे, त्याचं नाव आता ॲप घेणार नाही. मी मागणार नव्हते. मला वाटतं, मागणार नव्हते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

१,२०६. फाटा आता बाहेर आहे. दूध, भाजी हंसाबाई आणतात.

गोपाल सरांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन दिवस आराम कर म्हणाले. रेषेचा निर्णय होईपर्यंत खोदाई दुसऱ्या टोकापासून सुरू करणार आहेत. मी म्हटलं, कंपनीचं नाव टाका. ते म्हणाले कंपनीने बेवारस रेषेची जबाबदारी लेखी घेतलेली वरिष्ठांना चालणार नाही.

सुरभीने विश्वास ठेवला. का ते माहीत नाही. तिने फोनवर फक्त एवढंच विचारलं की तिचा क्रमांक टाकला तर चालेल का. तोपर्यंत आपण काही तरी शोधू, म्हणाली.

मी नको म्हटलं आणि फोन ठेवला. नको म्हणायला मला चार सेकंद लागले. मोजले नव्हते, पण लक्षात राहिले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

८०६.

ॲपवर सुरभीची विनंती आली आहे : "पंधरावी रेषा माझ्याकडे द्यावी." खाली दोन बटणं. मंजूर. नामंजूर. माझं बोट लागल्याशिवाय काही होत नाही.

नामंजूर.

सगळ्या खात्यांना नव्याने पत्रं पाठवली. एखाद्या कार्यालयाने रेषा आपली म्हटली तर कोणालाच आत जावं लागणार नाही. कार्यालयाला अंग नसतं. त्या पोकळीला ओढून घ्यायला काही सापडणार नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

५३९. दोन उत्तरं. आमची नाही. आमची नाही.

सुरभीने पुन्हा विनंती पाठवली. नामंजूर केलं. या वेळी जास्त वेळ लागला.

हंसाबाई त्यांच्या तांड्यावरच्या जाणत्या माणसाला घेऊन आल्या. तो शेताच्या बांधापर्यंत आला, चपला काढल्या, पुढे आला नाही. हंसाबाईंना गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, काही तरी बोलला. काय म्हणाला ते त्या सांगत नाहीत. संध्याकाळी माझ्या केसांना तेल लावून दिलं. मी लावू दिलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

४०६.

दिवसा खिडकीतून खड्ड्याची जागा दिसते. माती खाली बसली आहे. लांबट. उकंडाभाऊंनी नीट ठोकली होती, मी पाहिलं होतं —

आज मी स्वतःची उंची मोजली. १.६१. पोकळी १.७२ होती. यंत्र फिरवून पुन्हा मोजली.

१.६१.

मंगळवार, १० फेब्रुवारी

सकाळी २७३. पहिलं पान लिहिलं.

३.०० खोलीत, टेबलाशी. हातात चहाचा कप.

३.०१ पऱ्हाटीत उभी. कप हातात. चहा सांडलेला नाही.

खोली आता बाहेर आहे. चप्पल खोलीत राहिली. हंसाबाई चादर, वही, भाकर घेऊन आल्या. त्यांना येता येतं, जाता येतं. त्यांनी माझा दंड धरून ओढलं, दोन्ही हातांनी. त्या बाहेर पोचल्या. माझा दंड —

निळा पडला आहे. हाड ठीक आहे.

बुधवार, ११ फेब्रुवारी, सकाळ

१३९. मोजायला आता लोकेटर लागत नाही. तळव्यांना कळतं.

सुरभी नागपूरहून निघाली आहे. मी नको म्हटलं तरी. तिसरी विनंती ॲपवर आहे. तिने खाली लिहिलंय : "एक महिना तू, एक महिना मी. आपण आलटून पालटून करू." तिला वाटतं हे वाटून घेता येईल. इंद्रजितनेही कोणाला तरी असंच म्हटलं असेल, आणि —

मंजूरचं बटण हिरवं आहे. ते हिरवं कोणी ठरवलं असेल?

दुपार

चाळीस मिनिटं बोट काचेवर होतं. टेकलं नव्हतं.

नामंजूर केलं. मग ॲपमधून बाहेर पडून माझा पासवर्ड तीनदा चुकीचा टाकला. ॲपमधलं माझं खातं सात दिवसांसाठी बंद झालं. आता मलाही देता येणार नाही. माझ्या हातात तेवढंच होतं.

टॅब हंसाबाईंना देऊन टाकला. त्या रडत होत्या. उकंडाभाऊ रेषेपलीकडे बसून आहेत, सब्बल मांडीवर. मी त्यांना म्हटलं, सुरभी मॅडम आल्या तर त्यांना शेतात येऊ देऊ नका. ते म्हणाले, "नाही येऊ देत." मग म्हणाले, "तुमी बोलत राहा. मी आहो इथं."

पाय गार पडले आहेत. जमीन गार नाही. जमीन कोमट आहे.

खात्याचं पत्र आलं तर ते गोपाल सरांच्या लॉगिनमधूनही जोडता येतं, त्याला माझी मंजुरी लागत नाही. हे मी तपासलं आहे. म्हणून हे पान हंसाबाई फाडून नेतील, उकंडाभाऊ फोटो काढून सगळ्यांना पाठवतील.

सर्व संबंधित कार्यालयांस

विषय : रेषा क्र. १५, मौजे केळापूर शिवार.

सदर रेषा कोणत्याही एका कार्यालयाने आपली म्हणून स्वीकारावी. खर्च नाही. दुरुस्ती नाही. कधीही खोदावं लागणार नाही. फक्त एका ओळीचं पत्र हवं.

एखाद्या व्यक्तीचं नाव कृपया लिहू नये. तात्पुरतंही नाही. कोणी स्वतःहून तयार असलं तरी —

दुपारपासून रेषा फार वेगाने आत येते आहे. घेर आता एकवीस. उठून उभं राहता येत नाही.

उत्तर गुरुवार, १२ फेब्रुवारी, सायंकाळी पाच वाजेपर्यंत द्यावं. कार्यालयाचं पूर्ण नाव, शिक्का, आणि खाली